गार्सिया, संत गोन्सालो

(सु. १५५६ – ५ फेब्रुवारी १५९७). जपानमधील नागासाकी येथे देहदंड पावलेल्या सव्वीस ख्रिस्ती हुतात्म्यांपैकी एक व भारतात जन्मलेल्यांपैकी रोमन कॅथलिक चर्चने संतपद दिलेली पहिली व्यक्ती. जन्म वसई (जि. पालघर, महाराष्ट्र) येथे. वडील पोर्तुगीज व आई स्थानिक ख्रिस्ती. गार्सिया हे धर्मगुरू नव्हते. ते फ्रान्सिस्कन संघाचे धर्मबंधू, म्हणजे धर्मगुरुपदाची दीक्षा न घेतलेले व्रतस्थ सभासद होते. जपानमधील त्यांचे महत्त्व मुख्यतः त्यांच्या जपानी भाषेच्या ज्ञानामुळे होते. दोन राजसत्तांमधील दुभाषा म्हणून त्यांना दरबारात प्रवेश मिळाला आणि पुढे ज्या आरोपावरून त्यांना मृत्युदंड झाला, त्याचा संबंधही ह्याच कामगिरीशी होता.

पार्श्वभूमी : गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने डिसेंबर १५३४ मधील तहाने वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पोर्तुगीजांनी तेथे तटबंदीचे शहर वसविले आणि वसई हे त्यांच्या उत्तरेकडील प्रदेशाचे प्रमुख ठाणे बनले. फ्रान्सिस्कन व जेझुइट (येशूसंघीय) ह्या संघांनी किल्ल्यात मठ, चर्च व पाठशाळा उभारल्या. किल्ल्याबाहेर उमेळे, सांडोर, पापडी ह्यांसारख्या गावांच्या परिसरात पुढे मोठा ख्रिस्ती समाज निर्माण झाला. ह्या समाजाने धर्म बदलला, तरी मराठीच्या आपल्या बोली व शेती-बागायतीचे परंपरागत व्यवसाय सोडले नाहीत. किल्ल्यातील पोर्तुगीज शिपाई, व्यापारी व अधिकारी आणि बाहेरील हा एतद्देशीय समाज ह्यांच्यामध्ये मिश्र विवाहांतून जन्मलेला एक लहानसा वर्ग होता. गार्सिया ह्याच वर्गातील होत.

पूर्वायुष्य : गार्सियांचे शिक्षण वसईच्या किल्ल्यातील जेझुइट पाठशाळेत झाले. तेथील सेबॅस्तियाँ गोन्साल्व्हिश ह्या जेझुइट धर्मगुरूंचा त्यांच्यावर विशेष प्रभाव पडला. त्यांच्याबरोबर गार्सिया जपानला गेले व १५७२ मध्ये तेथे पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय पंधरा-सोळा वर्षांचे होते. तेथील मिशनमध्ये ते सुमारे आठ ते दहा वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम करीत होते. मिशनऱ्यांच्या सोबत राहून त्यांना साहाय्य करणाऱ्या अशा अदीक्षित सेवकांना जपानमध्ये ‘दोजुकु’ म्हणत. लहान वयात आल्यामुळे जपानी भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली. नंतर आलेल्या अनेक प्रौढ मिशनऱ्यांना ही भाषा अखेरपर्यंत दुर्घट वाटत राहिली.

जेझुइट संघात प्रवेश मिळावा, अशी गार्सियांची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. हा नकार एकाकी नव्हता. पूर्वेकडील जेझुइट मिशनचा प्रमुख निरीक्षक आलेस्सांद्रो व्हालिन्यानो हा भारतात जन्मलेल्यांना व मिश्रवंशीयांना संघात घेण्यास प्रतिकूल होता आणि त्या काळी संघाचे धोरणही बव्हंशी तसेच होते. मिशन सोडल्यानंतर गार्सियांनी पूर्व आशियातील बंदरांत व्यापार केला व त्यात त्यांना यश आले. पुढे फिलिपीन्समध्ये मनिला येथे ते स्पॅनिश फ्रान्सिस्कनांच्या सहवासात आले आणि व्यापाराचा त्याग करून त्यांनी धर्मबंधू म्हणून त्या संघाची वस्त्रे धारण केली. मनिलातील फ्रान्सिस्कनांचे एक प्रमुख पेद्रो बाउतिस्ता हे त्यांचे पुढील आयुष्यातील निकटचे सहकारी होत.

राजदूतमंडळ : सोळाव्या शतकाच्या अखेरीस तोयोतोमी हिदेयोशी याने यादवीने विस्कटलेला जपान आपल्या सत्तेखाली आणला होता. १५८७ मध्ये त्याने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. तथापि पोर्तुगीजांशी चालणारा रेशमाचा व्यापार हवा असल्याने त्याची कठोर अंमलबजावणी झाली नाही. पुढे त्याने फिलिपीन्सच्या स्पॅनिश सत्तेकडे अधीनतेची मागणी केली. तेथील गव्हर्नर गोमेझ पेरेझ दासमारिन्यास याने प्रथम एक डॉमिनिकन दूत पाठविला व नंतर १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सिस्कनांचे मंडळ धाडले. जपानी भाषा जाणणारे गार्सिया त्या मंडळाचे दुभाषे होते.

कोरियावरील स्वारीसाठी हिदेयोशीने क्यूशू बेटावरील नागोया येथे तळ दिला होता (आजचे नागोया शहर वेगळे). तेथे ही भेट झाली. अधीनता मान्य न करता मैत्रीची बोलणी करणे, हे दूतांचे काम होते आणि प्रत्येक शब्द गार्सियांच्या मुखातून जात होता. हिदेयोशीने मंडळाला मियाको (क्योतो) येथे राहण्याची अनुज्ञा दिली. तेथे फ्रान्सिस्कनांनी चर्च उभारले, कुष्ठरोगी व निर्धन रुग्णांसाठी रुग्णालये काढली आणि उघडपणे धर्मोपदेश सुरू केला.

ह्या कार्यास दोन बाजूंनी धोका होता. पोप तेरावा ग्रेगरी याच्या १५८५ च्या आज्ञापत्राने जपानमधील धर्मकार्य केवळ जेझुइटांकडे सोपविले होते. त्यामुळे दूत म्हणून आलेल्या फ्रान्सिस्कनांचे तेथे राहणे जेझुइटांना मान्य नव्हते. पोर्तुगीज व स्पॅनिश व्यापारी हितसंबंधांची स्पर्धाही ह्या वादामागे होती. दुसरीकडे, १५८७ चा हुकूम रद्द झालेला नव्हता. फ्रान्सिस्कनांनी राहण्याच्या परवानगीचा अर्थ धर्मप्रसाराची परवानगी असा घेतला. राज्यकर्त्यांना तो अभिप्रेत होता, असे म्हणता येत नाही.

अटक व हौतात्म्य : मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत वादळात सापडून ऑक्टोबर १५९६ मध्ये शिकोकू बेटावरील तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागले. त्यातील मौल्यवान माल हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी जप्त केला. चौकशीत गलबताच्या सुकाणूप्रमुखाने स्पेनचा राजा आधी मिशनरी व मागाहून सैन्य पाठवितो, अशा अर्थाचे उद्‌गार काढल्याचे सांगितले जाते. हे उद्‌गार निघाले की नाहीत व दोष कोणाचा, ह्याविषयी जेझुइट आणि फ्रान्सिस्कन वृत्तांतांत तीव्र मतभेद आहेत. डिसेंबरमध्ये क्योतो व ओसाका येथील फ्रान्सिस्कनांच्या मठांवर पहारे बसले आणि अटकसत्र सुरू झाले.

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोत चोवीस बंदिवानांच्या डाव्या कानाच्या पाळ्या कापण्यात आल्या व त्यांची गाड्यांतून धिंड काढण्यात आली. नंतर ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. त्यांची सेवा करीत वाटेने चालणारे दोघे जपानी ख्रिस्ती ह्या प्रवासातच बंदिवानांत सामील केले गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर ह्या सव्वीस जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट व सतरा जपानी सामान्य ख्रिस्ती होते. एकूण वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोत जन्मलेला व एक भारतात जन्मलेला, अशी ही विभागणी होती. सर्वांत लहान लुईस इबाराकी हा बारा वर्षांचा होता. क्रुसावरून पाउलो मिकी यांनी केलेले अखेरचे प्रवचन प्रसिद्ध आहे.

हिदेयोशीच्या दंडाज्ञेतील आरोपाचे स्वरूप लक्षणीय आहे. हे लोक दूत म्हणवून लुझोनहून आले, मियाकोत राहिले व निषिद्ध धर्माचा उपदेश करू लागले, असे तीत म्हटले होते. म्हणजे दौत्याचा दुरुपयोग आणि धर्मप्रसार हे दोन्ही आरोप एकत्र होते. त्यामुळे ही घटना निव्वळ धर्मच्छळ किंवा निव्वळ राजकारण म्हणून सांगणे अपुरे ठरते. परकीय आक्रमणाची राज्यकर्त्यांची भीती निराधार नव्हती. स्वतः वसईच्या इतिहासातही क्रूस व तलवार एकत्रच आली होती. परंतु ज्यांना शिक्षा झाली, त्यांतील बहुसंख्य जपानी ख्रिश्चनांचा कोणत्याही दौत्याशी संबंध नव्हता आणि त्यांनी धर्म सोडण्याऐवजी मरण पत्करले. दुभाष्याच्या भूमिकेतील गार्सियांना हा धोका इतरांपेक्षा अधिक स्पष्ट दिसत असणार.

संतपद व स्मृती : पोप आठवा अर्बन याने १६२७ मध्ये ह्या हुतात्म्यांना धन्यवादित घोषित केले आणि पोप नववा पायस याने ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद दिले. जपानमध्ये १६१४ पासून ख्रिस्ती धर्मावर आलेली देशव्यापी बंदी १८७३ पर्यंत टिकली. नागासाकीतील ओउरा चर्च ह्या सव्वीस हुतात्म्यांना समर्पित असून, १८६५ मध्ये तेथेच पिढ्यान्‌पिढ्या गुप्तपणे धर्म पाळणारे जपानी ख्रिस्ती प्रथम प्रकट झाले. संतपदाच्या शताब्दीनिमित्त १९६२ मध्ये निशिझाका येथे शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी घडविलेले स्मारक उभारण्यात आले. त्यावर गार्सियांचीही मूर्ती आहे.

चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर किल्ल्यातील चर्च ओस पडली. ज्या जेझुइट चर्चच्या आश्रयाने गार्सिया शिकले, त्याचा दर्शनी भाग मात्र अद्याप उभा आहे. गास येथील चर्च व वसईतील महाविद्यालय ह्यांना त्यांचे नाव देण्यात आले असून, वसईच्या ख्रिस्ती समाजात त्यांचा सण दरवर्षी साजरा होतो. वडील पोर्तुगीज असल्याने त्यांना ‘भारतीय’ म्हणावे काय, असा प्रश्न केव्हा केव्हा उपस्थित केला जातो. वसईत जन्मलेल्या, तेथील मातेच्या ह्या मुलाला ज्या मिश्र जन्माने एका संघाचे दार उघडले नाही, त्याच जन्मावरून त्याचे भारतीयत्व नाकारणे इतिहासाला धरून होणार नाही.