१ जून : कुटुंबाच्या गाडीकडून एसटीकडे

१९४८ साली आजच्या दिवशी सकाळी पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली. किसन राऊत चालक, लक्ष्मण केवटे वाहक. गाडी बेडफर्ड कंपनीची, लाकडी बांधणीची, छत कापडी. बाक तीस माणसांचे. वाटेतल्या गावांत लोकांनी गाडीचे स्वागत केले; नगरला मात्र ती पोलीस बंदोबस्तात शिरली, कारण त्या रस्त्यावर खासगी गाड्यांचा जम होता.

या खासगी गाड्यांची आठवण आज फारशी कुणी काढत नाही, हे बरोबर नाही. मालकाच्या घरातला एकजण गाडी हाकी, दुसरा तिकिटे फाडी, आणि प्रवासी भरले की गाडी सुटे. वेळापत्रकाचा भरवसा नव्हता, पण गावाला बाजारपेठ दाखवली ती याच घरगुती धंद्याने. दक्षिणेत १९१२ साली तंजावर-पुदुकोट्टई मार्गावर टी. व्ही. सुंदरम अय्यंगार यांनी सुरू केलेल्या बससेवेतून तर पुढे टीव्हीएस हा मोठा उद्योगसमूह उभा राहिला.

एसटी सुरू करून मुंबई राज्याने प्रवासी वाहतूक स्वतःकडे घेतली. १९५० च्या कायद्याने सरकारी वाहतूक महामंडळांना आधार मिळाला, मार्ग सरकारी झाले आणि कितीतरी कुटुंबांचा धंदा बसला. आडगावच्या माणसाला रोजची गाडी मिळाली, म्हणून तो निर्णय योग्यच होता. तरी त्या मालकांच्या कष्टांची नोंद व्हायला हवी. आपल्याकडे, म्हणजे मोरिवली, अंबरनाथ, बदलापूर भागात, कुणाच्या घरी जुना परवाना, तिकीटपुस्तक किंवा गाडीचा फोटो असेल, तर तो रद्दीत घालू नका.