परिचारिकांची राष्ट्रीय कामगार संघटना

परिचारिकांची राष्ट्रीय कामगार संघटना : वेतन, पाळ्या, भरती व सुरक्षितता यांबाबत परिचारिकांच्या वतीने शासनाशी आणि रुग्णालयचालकांशी वाटाघाटी करणारी देशव्यापी संघटना. सरकारी, खासगी आणि कंत्राटी अशा सर्वांना सामावणारी एकसंध संघटना भारतात नाही. तिचे काम तुकड्यांत वाटले गेले आहे. 1908 मध्ये स्थापन झालेली ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही मुळात व्यावसायिक संस्था, ऑल इंडिया गव्हर्न्मेंट नर्सेस फेडरेशन सरकारी सेवेपुरते, तर 2011 मध्ये केरळात निघालेली युनायटेड नर्सेस असोसिएशन मुख्यतः खासगी रुग्णालयांतली. या वाटणीची किंमत कोल्हापुरात सहज दिसते. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातील, म्हणजे सीपीआरमधील, कायम परिचारिकेला शासनाची वेतनश्रेणी आहे आणि पाठीशी राज्यव्यापी संघटना आहे. त्याच शहरातल्या खासगी रुग्णालयातील परिचारिकेची नोंदणी त्याच महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते, पण पगाराचे बोलणे तिला बहुधा एकटीनेच करावे लागते. कायदा आड येतो म्हणावे, तर तसेही नाही. मुंबईच्या जे. जे. समूहातील कामगारांच्या खटल्यात रुग्णालय हा ‘उद्योग’ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्येच मान्य केले. 1970 मध्ये फिरवलेले हे मत 1978 मध्ये पुन्हा प्रस्थापित झाले.

संघटनेविना निव्वळ न्यायालयीन यश किती पांगळे राहते, याचा पुरावा 2016 चा आहे. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्राने समिती नेमली. दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत सरकारी परिचारिकांइतके वेतन आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयांतही किमान 20,000 रुपये द्यावेत, अशी शिफारस समितीने केली. अंमलबजावणी मात्र राज्यांवर सोपवली गेली, आणि रुग्णालयाच्या आत तिचा पाठपुरावा करणारे संघटित बळ क्वचितच होते.

आरोग्य हा राज्याचा विषय आहे, मग राष्ट्रीय संघटना कशाला, हा आक्षेप निम्मा खरा आहे. सीपीआरमधील वेतन मंत्रालयात ठरते. ठेकेदारामार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध मे 2022 मधला परिचारिकांचा संपही राज्य शासनाशीच होता. पण अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हे प्रमाण भारतीय परिचर्या परिषदेचे, आणि परिचर्येसाठीच्या नव्या राष्ट्रीय आयोगाचा 2023 चा कायदा संसदेचा. मानक दिल्लीत ठरणार आणि ते मागणारे जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरलेले, ही विसंगती राज्यसंघटना एकट्याने मिटवू शकत नाही.

संपाने रुग्णाचे हाल होतात, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये म्हटले. अत्यावश्यक सेवांतील संपाला मनाई करण्यासाठी राज्याकडे मेस्मा हा कायदाही आहे. तरी येथे ब्रिटनचा दाखला उपयोगी पडतो. 1916 मध्ये स्थापन झालेल्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने 1995 पर्यंत संप वर्ज्यच मानला होता. त्याचा पहिला संप 2019 मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये झाला. डिसेंबर 2022 च्या संपात केमोथेरपी, डायलिसिस व अतिदक्षता सेवा वगळल्या होत्या. सवलत कोणत्या सेवांना द्यायची हे आधी ठरवून पाळायचे, तर त्यासाठी शिस्त असलेली संघटना लागते; वैतागून एकेकटीने दिलेल्या राजीनाम्यांना अशी कोणतीही अट घालता येत नाही. शिवाय रिक्त पदांमुळे एका परिचारिकेवर पडणारा अख्खा वॉर्ड संप नसलेल्या दिवशीही रुग्णाला तितकाच धोक्याचा असतो.