ग्रीन कार्ड अर्ज प्रलंबित असताना नोकरी जाणे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमध्ये नोकरीच्या आधारावर ग्रीन कार्ड, म्हणजेच कायम वास्तव्याचा परवाना, मिळवण्याची प्रक्रिया चालू असताना अर्जदाराची नोकरी गेल्यास त्याच्या वास्तव्यावर आणि अर्जावर वेगवेगळे परिणाम होतात. तात्पुरत्या वास्तव्याचा दर्जा नोकरीशी बांधलेला असल्याने तो लगेच धोक्यात येतो. ग्रीन कार्डच्या रांगेतील स्थान मात्र अनेक प्रकरणांत टिकून राहते. कोणता परिणाम होईल हे नोकरी संपली त्या वेळी अर्ज कोणत्या टप्प्यावर होता, यावर मुख्यतः अवलंबून असते.

पार्श्वभूमी

अमेरिकेत तज्ज्ञ कर्मचारी म्हणून काम करणारे बहुसंख्य भारतीय एच-१बी या तात्पुरत्या दर्जावर राहतात. १९९० च्या स्थलांतर कायद्याने निर्माण झालेल्या या दर्जाची कमाल मुदत साधारणपणे ६ वर्षे असते. त्याच कायद्यानुसार नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला सुमारे १,४०,००० ठरवण्यात आली. या संख्येत अर्जदारांचे पती, पत्नी आणि मुलेही मोजली जातात. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांपैकी साधारणपणे ७ टक्क्यांपेक्षा अधिक कार्डे दिली जात नाहीत.

भारतातून येणाऱ्या अर्जांची संख्या या मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक असल्यामुळे भारतीयांची रांग अतिशय लांबली आहे. २०२४ मध्ये ईबी-२ या श्रेणीत २०१२ साली रांगेत आलेल्या भारतीय अर्जदारांचा क्रमांक लागत होता. एवढ्या दीर्घ प्रतीक्षेच्या काळात एखाद्या अर्जदाराची नोकरी जाणे ही अपवादात्मक घटना राहत नाही.

अर्जाचे टप्पे

नोकरीवर आधारित प्रक्रियेचे सामान्यतः तीन टप्पे असतात.

१. श्रम प्रमाणन: संबंधित पदासाठी पात्र अमेरिकी कर्मचारी उपलब्ध नसल्याचे नियोक्ता श्रम खात्यापुढे सिद्ध करतो. ही प्रक्रिया 'पर्म' या नावाने ओळखली जाते. तिचा अर्ज दाखल झाल्याचा दिवस हा अर्जदाराचा अग्रक्रम दिनांक, म्हणजेच प्रायॉरिटी डेट, ठरतो.

२. स्थलांतरित कर्मचारी याचिका: ही याचिका नियोक्ता आय-१४० या नमुन्यात नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाकडे सादर करतो.

३. दर्जा-समायोजन अर्ज: अग्रक्रम दिनांकाची पाळी आल्यावर कर्मचारी स्वतः आय-४८५ हा अर्ज करतो.

पहिले दोन टप्पे नियोक्त्याच्या हाती असतात, तर तिसरा अर्ज कर्मचाऱ्याचा स्वतःचा असतो. नोकरी गेल्यानंतरच्या नियमांमागे हा भेद आहे.

६० दिवसांची सवलत

१७ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमानुसार एच-१बी, एल-१, ओ-१ इत्यादी दर्जांवरील व्यक्तीला नोकरी संपल्यानंतर सलग ६० दिवसांपर्यंत देशात राहता येते. मंजूर वास्तव्याची मुदत त्याआधी संपत असेल, तर सवलतही तेव्हाच संपते. एका मंजूर मुदतीत ही सवलत एकदाच मिळते आणि त्या काळात, स्वतंत्र रोजगार परवाना नसल्यास, नोकरी करता येत नाही. दिवसांची गणना सामान्यतः ज्या शेवटच्या दिवसाचे वेतन मिळाले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून होते. नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी भरपाईमुळे ही मुदत वाढत नाही.

या अवधीत पुढील मार्ग उपलब्ध असतात.

• नव्या नियोक्त्याने एच-१बी याचिका दाखल करणे. ती ६० दिवसांत दाखल होणे पुरेसे असते. 'एसी-२१' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २००० सालच्या कायद्यामुळे मंजुरीची वाट न पाहता नवे काम सुरू करता येते.
• जोडीदाराच्या दर्जावर अवलंबून असलेला, विद्यार्थ्याचा किंवा अभ्यागताचा दर्जा मागणे. अभ्यागताच्या दर्जावर नोकरी करता येत नाही.
• अग्रक्रम दिनांकाची पाळी आली असल्यास आय-४८५ अर्ज दाखल करणे.
• देश सोडणे. मंजूर मुदतीपूर्वी नियोक्त्यानेच एच-१बी कर्मचाऱ्याला कामावरून काढले असेल, तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च देणे नियोक्त्यावर बंधनकारक असते. कर्मचाऱ्याने स्वतः राजीनामा दिल्यास हे बंधन राहत नाही.

टप्प्यानुसार परिणाम

आय-१४० मंजूर होण्यापूर्वी

श्रम प्रमाणन किंवा याचिका प्रलंबित असताना नोकरी गेल्यास अर्जदाराची हानी सर्वाधिक होते. नियोक्त्याने प्रक्रिया थांबवली तर नव्या नियोक्त्याला ती आरंभापासून करावी लागते आणि अग्रक्रम दिनांकही नवा मिळतो.

आय-१४० मंजूर झाल्यानंतर

याचिका मंजूर झाल्यावर अग्रक्रम दिनांक सामान्यतः अर्जदाराकडेच राहतो. मंजुरीनंतर १८० दिवसांच्या आत नियोक्त्याने याचिका मागे घेतल्यास तिची मंजुरी रद्द होते, परंतु दिनांक कायम राहतो. १८० दिवसांनंतर केवळ नियोक्त्याने माघार घेतली किंवा त्याचा व्यवसाय बंद पडला म्हणून मंजुरी रद्द होत नाही. अशा मंजुरीच्या आधारे नव्या नियोक्त्याला ६ वर्षांच्या मर्यादेपलीकडेही एच-१बीची मुदत वाढवून घेता येते. फसवणूक, चुकीची माहिती किंवा मंजुरी देताना झालेली गंभीर चूक आढळल्यास मात्र दिनांकही गमावला जातो.

उदाहरणार्थ, एखाद्या अर्जदाराचा अग्रक्रम दिनांक मार्च २०१५ मधील असेल आणि नव्या नियोक्त्याने २०२४ मध्ये नवे श्रम प्रमाणन व नवी याचिका पूर्ण केली, तर त्या अर्जदाराचे स्थान मार्च २०१५ चेच राहते. कागदपत्रांचे काम पुन्हा करावे लागते, पण प्रतीक्षेची वर्षे वाया जात नाहीत.

आय-४८५ प्रलंबित असताना

या टप्प्यावर अर्जदाराला अर्जाच्या निकालापर्यंत देशात राहता येते आणि स्वतंत्र रोजगार परवानाही मिळवता येतो. अर्ज १८० दिवस किंवा अधिक काळ प्रलंबित असेल, तर 'एसी-२१' कायद्यानुसार समान किंवा तत्सम व्यवसायातील दुसऱ्या नोकरीच्या आधारे तोच अर्ज पुढे चालू ठेवता येतो. त्यासाठी आय-४८५ची 'जे' पुरवणी सादर करावी लागते. ग्रीन कार्ड भावी नोकरीसाठी दिले जात असल्याने मधल्या काळातील बेरोजगारीमुळे अर्ज आपोआप बाद होत नाही. निकालाच्या वेळी मात्र खरीखुरी नोकरी किंवा तिचा प्रस्ताव असावा लागतो.

याचिकेच्या मंजुरीला आणि आय-४८५ अर्जाला, दोन्हींना १८० दिवस पूर्ण झाले नसताना नियोक्त्याने याचिका मागे घेतल्यास अर्ज नाकारला जाऊ शकतो. तसेच एच-१बी दर्जा गमावलेल्या अर्जदाराने पूर्वपरवानगीचा प्रवास-दस्तऐवज न घेता देश सोडल्यास अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते.

विशेष रोजगार परवाना

आय-१४० मंजूर झालेली, परंतु पाळी न आलेली व्यक्ती गंभीर आजार, नियोक्त्याची सूडबुद्धीची कारवाई यांसारख्या असाधारण परिस्थितीत एक वर्षाचा रोजगार परवाना मागू शकते. केवळ नोकरी जाणे हे त्यासाठी सहसा पुरेसे कारण मानले जात नाही. या परवान्यावर काम करू लागल्यास एच-१बी दर्जा राहत नाही.

कुटुंबावरील परिणाम

एच-४ दर्जावरील जोडीदार व मुलांचे वास्तव्य मुख्य अर्जदाराच्या दर्जावर अवलंबून असते. २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना मिळणारा रोजगार परवानाही या दर्जाशीच जोडलेला आहे. याउलट जोडीदाराचा स्वतःचा एच-१बी दर्जा असल्यास नोकरी गमावलेल्या व्यक्तीला त्याचा आधार घेता येतो. २१ वर्षांची झालेली मुले एच-४ दर्जास अपात्र ठरत असल्याने, प्रक्रिया नव्याने सुरू करावी लागल्यास वयात येणाऱ्या मुलांचा प्रश्न अधिक तीव्र होतो.

मुदतीपलीकडील वास्तव्य

सवलतीची मुदत संपल्यावर कोणताही अर्ज न करता राहिल्यास त्याचे परिणाम दीर्घकालीन असतात. बेकायदा वास्तव्य १८० दिवसांहून अधिक झाल्यावर देश सोडल्यास ३ वर्षे, आणि एक वर्ष किंवा अधिक झाल्यास १० वर्षे पुनःप्रवेशास बंदी होऊ शकते.

सुधारणांची चर्चा

२०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी केलेल्या नोकरकपातीमुळे ६० दिवसांच्या सवलतीवर व्यापक चर्चा झाली. नोकरभरतीच्या मुलाखती आणि नव्या याचिकेची तयारी यांसाठी हा अवधी अपुरा पडतो, असा आक्षेप घेण्यात आला. आशियाई अमेरिकी, मूळ हवाईवासी व प्रशांत बेटवासीयांविषयीच्या राष्ट्राध्यक्षीय सल्लागार आयोगाने २०२३ मध्ये ही मुदत १८० दिवस करण्याची शिफारस केली होती. मात्र त्या शिफारशीनंतर नियमात तसा बदल करण्यात आला नाही.