परक्या पत्रातील पाहुणे : एकोणिसाव्या शतकातील मराठी पत्रलेखक

मराठी वैचारिक गद्याची घडण जितकी स्वतःची नियतकालिके चालवणाऱ्या संपादकांनी केली, तितकीच ती दुसऱ्याच्या नियतकालिकात लिहिणाऱ्या पत्रलेखकांनीही केली. पत्रलेखक म्हणजे ज्याचा वृत्तपत्राच्या मालकीशी वा संपादनाशी संबंध नाही, परंतु जो आपले मत पत्ररूपाने तेथे मांडतो असा बाहेरचा लेखक. वृत्तपत्रांच्या इतिहासात संपादकांची चरित्रे सविस्तर आढळतात. या पाहुण्या लेखकांनी यजमान पत्राशी कोणते नाते राखले आणि त्या नात्यातून त्यांच्या लेखनाला बळ कसे मिळाले, याचा विचार मात्र त्या मानाने थोडा झाला आहे.

या नात्याचा पाया कायद्याने घातला होता. १८३५ मध्ये गव्हर्नर जनरल चार्ल्स मेटकाफ यांच्या कारकिर्दीत वृत्तपत्रांसाठी परवाना घेण्याची सक्ती उठली; तिच्या जागी मुद्रक आणि प्रकाशक यांनी आपले नाव व ठिकाण सरकारदरबारी प्रतिज्ञेवर नोंदवावे असा नियम आला. याचा अर्थ असा की, मजकूर कोणीही लिहिलेला असो, सरकारपुढे पहिला जाब छापणाऱ्याला आणि प्रसिद्ध करणाऱ्याला द्यावा लागे, आणि पत्रलेखक टोपणनावाआड राहू शकत असे. पाहुण्याच्या शब्दाची जोखीम यजमानाने उचलायची, अशी ही व्यवस्था होती. तिची जाणीव ठेवून लिहिणे हीच पत्रलेखकाची पहिली नीती ठरते.

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा मराठी व इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी ठेवून त्यांनी वाचकांच्या पत्रांनाही जागा दिली. ‘दर्पण’ १८४० मध्ये बंद पडले. पुढच्याच वर्षी गोविंद विठ्ठल कुंटे, म्हणजे भाऊ महाजन, यांनी ‘प्रभाकर’ हे साप्ताहिक काढले. फ्रेंच राज्यक्रांतीची हकिकत मराठी वाचकांपुढे क्रमशः ठेवणारा हा संपादक स्वतः निर्भीड होता, आणि त्यामुळेच त्याच्या पत्रात एका निर्भीड पाहुण्याला आसरा मिळाला.

हा पाहुणा म्हणजे गोपाळ हरी देशमुख. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या पदरी फडणीस असलेल्या गृहस्थाचा हा मुलगा १८२३ मध्ये पुण्यात जन्मला आणि १८४४ पासून दक्षिणेतील सरदारांच्या एजंटाच्या कचेरीत भाषांतरकार म्हणून नोकरी करू लागला. मार्च १८४८ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्याने ‘लोकहितवादी’ या नावाने ‘प्रभाकरा’त पत्रे लिहिण्यास आरंभ केला, आणि १८५० पर्यंत ती संख्या १०८ झाली, तरीही ती आजवर ‘शतपत्रे’ या नावानेच ओळखली जातात. सरकारी चाकरी करणाऱ्या आणि पुण्याच्या ब्राह्मण समाजात वावरणाऱ्या माणसाने त्याच समाजाच्या आळसावर, पोकळ पाठांतरावर आणि विधवांच्या हालांवर कोरडे ओढावेत, ही गोष्ट टोपणनावाशिवाय घडणे कठीण होते. परंतु टोपणनाव घेऊन त्यांनी जबाबदारी झटकली असे म्हणता येत नाही, कारण एकच नाव दोन वर्षे न बदलता वापरल्यामुळे वाचकाला या लेखकाची मते पहिल्या पत्रापासून शेवटच्या पत्रापर्यंत तपासता येत होती आणि त्याच्या विसंगतीही पकडता येत होत्या.

लोकहितवादींच्या पत्रांची परिणामकारकता त्यांच्या आकारात आणि भाषेत आहे. एका पत्रात एकच विषय घ्यायचा, तो साप्ताहिकाच्या मोजक्या जागेत संपवायचा, संस्कृतप्रचुर पांडित्य टाळून बोलण्याजवळची छोटी वाक्ये लिहायची आणि दुखणे दाखवल्यावर उपायही सांगायचा, हा त्यांचा परिपाठ होता. देशी मालच वापरावा, विलायतेच्या धर्तीवर हिंदुस्थानासाठीही पार्लमेंट मागावे, अशा सूचना त्यांनी त्या काळात केल्या, यावरून ही पत्रे केवळ निंदेसाठी लिहिली गेली नव्हती हे दिसते. ज्या वर्षी पत्रे सुरू झाली त्याच १८४८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ग्रंथालयाच्या, म्हणजे पुढच्या पुणे नगर वाचन मंदिराच्या, उभारणीत त्यांचा पुढाकार होता; जे पत्रातून मागितले त्याला गावात हातभार लावणारा हा लेखक होता, आणि अशा पाहुण्यामुळे यजमान पत्राचीही पत वाढते. भाऊ महाजनांचे श्रेय येथे विसरता कामा नये, कारण वर्गणीदारांतील मोठा भाग ज्यांचा होता त्या सुशिक्षित वर्गावरच ही टीका होती, आणि तरीही पत्रे छापली जात राहिली.

दुसरे उदाहरण आकाराने लहान, परंतु अधिक मोलाचे आहे. अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर येथे ‘ज्ञानोदय’ हे पत्र सुरू केले होते. या पत्राच्या १८५५ मधील फेब्रुवारी व मार्चच्या अंकांत, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. यजमान पत्र धर्मप्रसारासाठी चालवलेले, संपादन परदेशी मिशनऱ्यांच्या हाती, आणि लेखिका एक शाळकरी मुलगी. अशा स्थितीत पाहुण्याचा आवाज यजमानाच्या आवाजात विरून जाण्याचा धोका मोठा होता. तसे झाले नाही. वेदांवर ब्राह्मणांचाच अधिकार असेल तर अस्पृश्यांना धर्मग्रंथच उरत नाही, हा तिचा युक्तिवाद तिच्या स्वतःच्या अनुभवातून निघालेला आहे. पेशवाईतील जुलूम, बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायका, आणि अस्पृश्यांनाही आपसांत उच्चनीच भेद पाळायला लावणारी जातीची उतरंड, हे सारे ती जवळून पाहिल्याप्रमाणे सांगते आणि अखेरीस आपल्याच लोकांना विद्या शिकण्याची विनवणी करते. परक्या पत्रात लिहिताना स्वतःचे म्हणणे सैल होऊ न देणे किती कठीण असते हे ध्यानात घेतले, तर हा निबंध एकोणिसाव्या शतकातील पाहुण्या लेखनाचा सर्वांत उंच नमुना मानावा लागतो.

यजमानाची जोखीम किती खरी होती, हे १८९७ मध्ये उघड झाले. ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकात ‘शिवाजीचे उद्गार’ हे पद्य ‘भवानी तलवार’ अशा टोपणनावाच्या खुणेने छापले गेले. ते पद्य आणि शिवराज्याभिषेक उत्सवातील भाषणांचा वृत्तान्त यांवरून बाळ गंगाधर टिळक यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि त्यांना अठरा महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. टोपणनावाने छापलेल्या मजकुराचा भार अशा रीतीने पत्राच्या मालकावर पडला. सहीआड राहून लिहिणाऱ्याचा एखादा शब्द दुसऱ्याला तुरुंगात धाडू शकतो, हे त्यानंतर कोणाही पत्रलेखकाला वेगळे सांगावे लागले नसेल.

यजमानाचे हे ऋण टाळण्याचा एक मार्ग विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी आधीच दाखवला होता. १८७४ मध्ये सुरू केलेली ‘निबंधमाला’ त्यांनी ८४ अंकांपर्यंत जवळजवळ एकट्याने लिहिली. स्वतःच्या मासिकात त्यांना जागेची, विषयाची वा स्वराची अडचण नव्हती, आणि लोकहितवादींवरील त्यांची प्रखर टीकाही याच मासिकातली आहे. या मोकळीकीमुळे मराठी निबंधाला प्रौढी आणि विस्तार लाभला हे निर्विवाद आहे. तथापि ‘माले’तील निबंध पानेच्या पाने चालतात, तर ‘प्रभाकरा’तील पत्र एका बैठकीत वाचून संपते, आणि या फरकाचे एक कारण असे की, चिपळूणकर आपल्याच घरात बोलत होते व देशमुखांना दुसऱ्याच्या ओसरीवर ठरलेल्या जागेत आपले म्हणणे पुरे करायचे होते.