हळदीचा डबा आणि वही

विळीने बोट कापले की माझी आजी प्रथम हळदीच्या डब्याकडे धावे. खोकला झाला तर रात्री हळद घातलेले गरम दूध देई. आपल्या वसमत-हिंगोलीकडे हळद हे घरचेच पीक. तिच्या गुणावर कोणी मालकी सांगेल असे मनातही आले नसते. परंतु १९९५ साली अमेरिकेत, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दोघा संशोधकांना मिळाले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेतली, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख होते. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख पुढे ठेवल्यावर १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

आजीचा अनुभव खरा होता, पण तेथे कामी आला तो कागद. हळदीतील कुर्कुमिनवर अजून संशोधन चालू आहे. खोल जखमेला डॉक्टरच हवा. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. तिची बाकीची औषधे तिच्याबरोबरच गेली. म्हणून विनंती, आपल्या आईची, सासूबाईंची औषधे त्या आहेत तोवर वहीत उतरवून घ्या.