चोखंदळ जिभेसाठी किफायतशीर किराणा

लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडिना येथे १९६७ साली जो कूलोम यांनी ‘ट्रेडर जोज्’ हे दुकान थाटले. शिक्षण भरपूर, पण पगार बेताचा, असा ग्राहक त्यांनी हेरला होता. त्यात ते पत्रकारांचीही गणना करीत, हे विशेष! १९७९ मध्ये जर्मनीच्या थिओ आल्ब्रेख्ट यांनी ही साखळी विकत घेतली.

मोठ्या सुपरमार्केटमध्ये साधारणतः ३०,००० हून अधिक वस्तू असतात. येथे ४,००० च्या आसपास. मोजक्याच वस्तू थेट उत्पादकांकडून मोठ्या प्रमाणावर घेऊन बहुतेक माल स्वतःच्या नावाने विकायचा, ही येथील स्वस्ताईची मेख. २००२ मध्ये कॅलिफोर्नियात आलेली ‘चार्ल्स शॉ’ वाइन अवघ्या १.९९ डॉलरला मिळे. आता ती महागली आहे आणि राज्याराज्यांतील मद्यकायद्यांमुळे प्रत्येक शाखेत वाइन मिळतेच असेही नाही.

चीज, सुकामेवा, ऑलिव्ह तेल आणि डार्क चॉकलेट येथे जरूर घ्यावे. मात्र पुडे लहान असतात. तेव्हा छापील किमतीवर न जाता औंसामागचा दर ताडून पाहावा. तूरडाळ, गोडा मसाला यांसाठी अमेरिकेतील मराठी कुटुंबांना भारतीय वाणसामानाच्या दुकानाची पायरी चढावीच लागते. येथे सेल वा कूपने नसतात, त्यामुळे भाव उतरण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. न आवडलेली वस्तू मात्र परत घेतली जाते.