परसबागेचा हिशेब

आज एका बागेचा इतिहास सांगते. बाग दूर अमेरिकेत आहे, पण गोष्ट ऐकताना आपल्या परसातलीच वाटेल.

व्हर्जिनिया राज्यात डोंगरावर मॉंटिचेलो नावाचा मोठा वाडा आहे. तो थॉमस जेफरसन यांचा. सर्व माणसं समान आहेत, असं १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणारे ते हेच. पण त्यांनी आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली. डोंगर फोडून हजार फूट लांबीची भाजीची बाग तयार झाली, ती याच गुलामीतल्या माणसांच्या कष्टावर. काय पेरलं, कधी आलं, याची वही मात्र मालकांनी ठेवली.

१८२६ मध्ये जेफरसन कर्जात वारले. पुढच्याच वर्षी १३० माणसांचा लिलाव झाला, कुटुंबं तुटली. नंतर वाडाही विकला गेला आणि बागा मोडल्या.

त्या पुन्हा उभ्या करायला बायका पुढे आल्या. १९२० मध्ये तिथल्या आठ बागमंडळांनी मिळून संघ केला. १९२७ मध्ये त्यांनी फुलांचं प्रदर्शन भरवून वाड्याच्या जुन्या झाडांसाठी पैसा जमवला. १९२९ पासून दर वसंतात घरोघरच्या बागा तिकीट लावून लोकांना दाखवू लागल्या. काम सगळं बिनपगारी. त्या पैशातून १९३९ ते १९४१ मध्ये मॉंटिचेलोचे फुलांचे वाफे पुन्हा केले. आधार होता जेफरसन यांनी १८०७ मध्ये रेखाटलेल्या नकाशाचा. रात्री मोटारीचे दिवे हिरवळीवर तिरपे टाकले, तेव्हा बुजलेल्या वाटेची खूण दिसली. १९८७ पासून तिथे जुन्या वाणांचं बी-रोप जपून विकण्याचं केंद्र आहे.

पण मालकाच्या वहीवरून बाग उभी केली, की मालकाचीच बाग उभी राहते. गुलामांच्या झोपड्यांजवळही छोटे वाफे होते. दिवसभर राबून झाल्यावर रात्री आणि रविवारी ते कसायचे. हे आपल्याला कळतं ते जेफरसन यांच्या नातीमुळे. ॲन कॅरी रँडॉल्फ ही चौदा वर्षांची मुलगी १८०५ पासून घरखर्च लिहू लागली. कोणाकडून काकड्या घेतल्या, कोणाकडून कोबी, कोंबड्या, अंडी, हे तिने नावानिशी टिपलं. ज्यांना स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, ती माणसं वाड्यालाच भाजी विकत होती. चार ओळींच्या हिशेबामुळे त्यांची नावं राहिली.

म्हणून सांगते, गटात बियाणं वाटताना नुसतं 'वाल, एक वाटी' लिहू नका. कोणत्या गावचं, कोणी किती वर्षं राखलं, तेही लिहा. बी जपलं तर वाण टिकतो. नाव लिहिलं तर ते जपणारी बाईही टिकते.